टायर निवड समितीचा अंतिम अहवाल

बेंगळुरूच्या बनशंकरी दुसऱ्या स्टेजमध्ये राहणारे श्री. रणजीत शिंदे यांच्या लाल स्पोर्ट्स कारचे चारही टायर म्हातारे झाले आहेत, ही बाब जून महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी निदर्शनास आली. टायर झिजलेले मात्र नव्हते. झिजायला गाडी चालावी लागते. ही गाडी दोन दारांची, दोन माणसांची, बावीस वर्षांची आणि परदेशी होती. ताशी दोनशे चाळीस धावायला जन्मलेली. रणजीतच्या हाती आल्यापासून तिने गाठलेला सर्वोच्च वेग एक्केचाळीस होता, आणि तोही बंदच्या दिवशी. टायर उभ्या उभ्याच तडकले होते, जुन्या साबणाच्या वडीला चिरा पडतात तसे.

एरवी ही बाब आणखी दोन वर्षं विचाराधीन राहिली असती. पण त्याच सकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, मल्लेश्वरमहून, तानूबाईंचा फोन आला. तानूबाई म्हणजे रणजीतची आत्या, वय चौऱ्याऐंशी. त्याचे वडील त्यांना अक्का म्हणत, म्हणून सगळं घरच अक्का म्हणे. आई लवकर गेल्यावर रणजीतला त्यांनीच वाढवलं. त्याची पहिली सायकलही त्यांनीच घेऊन दिली. तिचे टायर बदलायची वेळ आली आणि सायकलवाल्याने तीन तऱ्हा पुढे मांडल्या, तेव्हा अक्कांनी एकच चौकशी केली होती, "गोल आहेत ना? मग बसव."

"रणज्या, सुरज मला मेलबर्नला नेतोय बघ," अक्का म्हणाल्या. सुरज हा त्यांचा मुलगा. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचं विमान. आता काय मी परत येत नाही."

"असं काय बोलतेस, अक्का?"

"खरं तेच बोलते. जायच्या आधी तुझ्या त्या लाल गाडीत बसव मला एकदा. संपिगे रोडवरनं एक फेरी. ह्या शेजारणी बघू देत स्वल्प. पुढं माझं काही मागणं नाही."

"दसऱ्याला सोनं घेऊन येतो आणि तुला फिरवतो," रणजीतने शब्द दिला. हातात चार महिने होते. टायर बदलायला दोन तास लागतात.

आणि रणजीत खरोखरच त्याच दुपारी कोपऱ्यावरच्या मंजुनाथच्या टायरच्या दुकानात गेला. मंजुनाथने गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून आकडे वाचले आणि आतून एक टायर गडगडत आणला. "सार, तुमचा अगदी जुना साइज आता येत नाही. हा जवळचा आहे, तुमच्याच चाकावर बसतोय. एप्रिलचा माल. सोडून जा गाडी, कॉफी पिऊन या." टायर काळा होता, गोल होता, आणि मधे भोक होतं. रणजीत हो म्हणणारच होता. पण हल्ली शिकलेला माणूस हो म्हणण्याआधी फोटो काढतो. त्याने टायरचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "हे घेऊ का?"

ग्रुपचं नाव 'दोन दारी मंडळ, बेंगळुरू'. सभासद दोनशे बारा. त्यांपैकी नऊ जणांकडे स्पोर्ट्स कार होती. उरलेल्यांकडे मतं होती. अकराव्या सेकंदाला पहिलं उत्तर आलं, "थांबा." दुपारी चारपर्यंत एकशे चाळीस जणांनी रणजीतला थांबवलं होतं. त्यांत एक दंतवैद्य होते, दोन निवृत्त ब्रिगेडियर होते, आणि एक गृहस्थ असे होते की ज्यांना गाडीच चालवता येत नव्हती, पण वाचन दांडगं होतं.

"मंजुनाथ, एक आठवडा द्या," रणजीत म्हणाला.

"सरी सार, चालेल. चार टायर बाजूला काढून ठेवतो," मंजुनाथ म्हणाला आणि त्यावर खडूने नाव लिहून मोकळा झाला.

संध्याकाळी ग्रुपचा प्रमुख विराट याने फोन केला. विराट पुण्याहून येऊन इंदिरानगरात स्थायिक झालेला, एका कंपनीत 'प्रॉडक्ट'चा मोठा साहेब. ते प्रॉडक्ट काय होतं, हे कंपनीत अजून ठरत होतं. "सर, डोन्ट माइंड," तो म्हणाला, "पण टायर हा डिसिजन नसतो, ती जर्नी असते. आपल्याकडे प्रोसेस आहे. मी फॉर्म पाठवतो."

फॉर्ममध्ये अडतीस प्रश्न होते. टायर बदलण्यामागील प्रेरणा. चाकांबाबत घरातल्यांची भूमिका. येत्या पाच वर्षांत आपण स्वतःला कोणत्या वळणावर, किती वेगाने पाहता? रणजीत स्वतः पंधरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये 'प्रोसेस क्वालिटी' पाहत होता. फॉर्म दिसला की त्याला माहेरी आल्यासारखं वाटे. तो दोन रात्री जागून त्याने भरला. 'वापराचा मुख्य उद्देश' या रकान्यात त्याने आधी 'आत्याला फिरवणे' असं लिहिलं होतं. ते जरा घरगुती वाटलं म्हणून खोडून 'संमिश्र वेगवान प्रवास' असं केलं.

जुलैमध्ये दोन उपसमित्या नेमल्या गेल्या, एक चाकांसाठी आणि एक टायरांसाठी. चाक उपसमितीने पहिल्याच बैठकीत निर्वाळा दिला की टायर ठरल्याशिवाय चाकाची रुंदी ठरवणं बेजबाबदारपणाचं आहे. टायर उपसमितीने कळवलं की चाक ठरल्याशिवाय टायरबद्दल चकार शब्द काढता येणार नाही. दोन्ही उपसमित्या अत्यंत शिस्तीने एकमेकींची वाट पाहू लागल्या. महिनाभराने त्यांच्यात समन्वय साधण्यासाठी तिसरी समिती नेमावी लागली. तिने मूळ चाकांची प्रत्यक्ष मोजणी करायची म्हणून चारही चाकं काढून विराटच्या घरी नेली. गाडी चार दगडांवर बसली.

"अहो, चाकं कधी येणार?" पवित्राने, म्हणजे रणजीतच्या बायकोने, विचारलं.

"मोजणी चालू आहे."

"गोल वस्तूत महिनाभर काय मोजतात?"

या प्रश्नाला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

इमारतीच्या असोसिएशनने मात्र तत्परता दाखवली. ज्याला चाकं नाहीत ते वाहन नव्हे, आणि वाहनतळ केवळ वाहनांसाठी आहे. सबब सदर वस्तूचं वर्गीकरण 'फर्निचर' असं करण्यात येत असून ती मालकाने स्वतःच्या घरात न्यावी, अशी नोटीस गाडीच्याच काचेवर चिकटवली गेली. रणजीतने उलट टपाली कळवलं की चाकं निवडप्रक्रियेत आहेत. असोसिएशनने निवडप्रक्रियेचा पुरावा मागितला. तोवर समित्यांचा अहवाल बावन्न पानांचा झाला होता. तो पाहून अध्यक्षांनीच ग्रुपचं सभासदत्व घेतलं.

ऑगस्टमध्ये चर्चेला खोली आली. एका परदेशी टायरमुळे ओल्या रस्त्यावर गाडी दीड मीटर आधी थांबते, असं सिद्ध झालं. सिल्क बोर्डच्या कायम तुंबलेल्या सिग्नलला पुढची गाडी अर्ध्या मीटरवर असते, हा विषय कुणी काढला नाही. तो टायर येण्यात एकच अडचण होती. मंडळाचा नियम असा की टायर सहा महिन्यांहून जुना नसावा, आणि जहाजाने यायला लागत होते सात महिने. यावर ब्रिगेडियरांनी सुचवलं की टायर तयार होण्याच्या एक महिना आधीच कारखान्यातून निघावा. ठराव बिनविरोध मंजूर झाला.

मधून मधून अक्कांचा फोन येई. "आले का रे टायर?"

"ठरतायत, अक्का."

"गोल आहेत ना?"

"अक्का, तेवढं सोपं नसतं गं ते."

"सरी बाबा. तुम्ही शिकलेली माणसं," अक्का म्हणत. त्यांनी एव्हाना शेजारच्या तिघींना सांगून ठेवलं होतं.

आयुधपूजेच्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीला, सगळ्या बनशंकरीतल्या गाड्या धुऊन, केळीचे खुंट आणि झेंडू बांधून उभ्या होत्या. चाकांखाली लिंबं ठेवायची आणि गाडी पुढे घेऊन ती चिरडायची, ही इथली रीत. भटजी रणजीतच्या गाडीपाशी येऊन जरा घुटमळले. मग त्यांनी चार दगडांपाशी चार लिंबं ठेवली आणि विचारलं, "गाडी घेता पुढे?"

"प्रतीकात्मक समजा," रणजीत म्हणाला. पवित्राने चारही लिंबं उचलून सरबत केलं.

दसरा उजाडला. टायरांवरचं मंडळाचं अंतिम मतदान त्याच दिवशी संध्याकाळी पाचला संपणार होतं. पवित्राने सोनं म्हणून बन्नीची, म्हणजे शमीची, पानं पिशवीत घातली. "चला. मेट्रोने जाऊ, हिरवी लाइन थेट मल्लेश्वरमला जाते. अर्ध्या तासात अक्कांच्या दारात."

"गाडी आणतो म्हणून कबूल केलंय मी. गाडीशिवाय कोणत्या तोंडाने जाऊ?"

"आहे त्याच."

"शिवाय पाचला निकाल आहे. मी उमेदवार आहे, म्हणजे माझी गाडी आहे. तू हो पुढे. निकाल लागला की मी आलोच."

पवित्रा एकटी गेली. पाच वाजता चौऱ्याऐंशी पानांचा अंतिम अहवाल प्रसिद्ध झाला. तिन्ही समित्यांनी, सर्व पर्यायांचा साकल्याने विचार करून, एकमताने शिफारस केली होती ती मूळ चाकांची आणि मंजुनाथने जूनमध्ये गडगडत आणलेल्या त्याच टायरची. रणजीतच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने धावत दुकान गाठलं. सणाचा दिवस असूनही मंजुनाथ अर्धं शटर उघडून बसला होता. चारही टायर कोपऱ्यात होते, खडूचं नाव तसंच. रणजीतने त्यांचा फोटो ग्रुपवर टाकला.

"अभिनंदन सर," विराटने लिहिलं. मग दुसरा संदेश आला. "एक मिनिट. टायरवरच्या शिक्क्यात एप्रिलचा तिसरा आठवडा दिसतोय. काल सहा महिने पूर्ण झाले. सॉरी सर, हा स्टॉक आता आपल्याला चालत नाही."

"गोल आहेत, सार," मंजुनाथ शांतपणे म्हणाला.

रणजीत घरी आला, तर पवित्रा परतली होती. तिने पिशवी टेबलावर ठेवली आणि त्याच्याकडे न पाहता सांगू लागली. अक्का दुपारी तीनपासून ठेवणीतलं लुगडं नेसून, काळा चष्मा लावून व्हरांड्यात बसल्या होत्या. शेजारच्या तिघीही आल्या होत्या. गल्लीत काही वाजलं की अक्का म्हणायच्या, "आला." साडेचारला पवित्रानेच रिक्षा बोलावली. अक्का चढता चढता ड्रायव्हरला म्हणाल्या, "अण्णा, चाकं गोल आहेत ना? मग चल." संपिगे रोडवरून दोन फेऱ्या झाल्या. अक्कांनी शेजारणींना हात केला, देवळापाशी उतरून नारळ घेतला.

"माझ्याबद्दल काही म्हणाली?"

"म्हणाल्या, रणज्याची गाडी छानच असेल. आणि हे तुम्हाला दिलंय." पिशवीत बन्नीची पानं होती आणि त्याच्या पहिल्या सायकलची जुनी घंटी.

रणजीतला भडभडून आलं. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी खरी वाटली. विमान सकाळचं होतं. आता साडेसहाच वाजले होते. मेट्रो चालू होती. तो उठला, चपला घातल्या, घंटी खिशात टाकली, दार उघडलं. तेवढ्यात फोन वाजला. विराटचा संदेश होता, "सर, पुन्हा मतदान घेतोय. त्याआधी एकच विचारतो, चाकं काळी रंगवू या की चंदेरीच ठेवू या?"

एवढं उत्तर देऊन निघू, असं म्हणून रणजीत उंबऱ्यावर टेकला.

दार अजून उघडंच आहे. आणि तुम्ही, वाचक महाराज? गेल्या दोन ओळींत तुमच्या मनात काय आलं, ते मला सांगू नका, मी पाहिलंय. लाल गाडीला काळी चाकं शोभतील, असंच ना? विराट तुम्हाला फॉर्म पाठवेल. अडतीसच प्रश्न आहेत.