निरीक्षकांच्या घरचा काटा

दर रविवारी सकाळी वजनमापे खात्याच्या निरीक्षकांना स्वतःच्याच घरी, उपाशीपोटी, बायकोसमोर काट्यावर उभं राहावं लागे. बाजारात त्यांची गाडी दिसली की दुकानदारांना घाम फुटायचा, पण हा दरारा घराच्या दारापर्यंतच टिकायचा.

याला कारण डॉक्टर. त्यांनी निरीक्षकांना ग्लुकोजचं पाणी पाजलं, दोन तास बसवलं, रक्त काढलं आणि निकाल दिला. "अजून मधुमेह झालेला नाही, पण दारात येऊन उभा आहे. पोटावर चरबी साठली की शरीर इन्सुलिनला जुमानत नाही, साखर रक्तातच फिरत राहते. वजन उतरवलंत तर तो माघारी जाईल. नाहीतर आत येईल, आणि येताना रक्तदाब, हृदयाचा त्रास असा सगळा गोतावळा घेऊन येईल."

"उतरवतील ते," बायको म्हणाली. निरीक्षकांना कुणी विचारलंच नाही.

घरात गोड बंद झालं, तळण बंद झालं, उकडलेल्या भाज्या सुरू झाल्या. निरीक्षकांनी थोडे दिवस कळ काढली आणि मग ऑफिसच्या कॅन्टीनशी संधान बांधलं. रविवार तोंडावर आला तेव्हा ते काटा घेऊन गुपचूप मागच्या खोलीत गेले आणि त्यांनी आतल्या स्प्रिंगचा एक वेढा तारेने अडकवून टाकला. असं केलं की रिकामा काटा शून्यावरच राहतो, पण वर माणूस चढला की हात आखडता घेतो. ही कारागिरी त्यांनी आजवर कित्येक रद्दीवाल्यांकडे पकडली होती आणि प्रत्येकाला तोंडभर सुनावलं होतं.

"बघा! जमतंय की तुम्हाला!" बायकोचा चेहरा नुसता फुलला. तो फुललेला चेहरा बघायला निरीक्षकांनी पुढच्या आठवड्यात आणखी एक वेढा अडकवला. मग आणखी एक.

आणि एके दिवशी अचानक ताटात लोण्यात परतलेले बटाटे आले. शेजारी वाटीभर गोड.

"हे काय?" निरीक्षक चक्रावले.

"खा."

"अगं, पण डॉक्टर..."

"खा म्हटलं ना!" बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं.

निरीक्षकांनी खाल्लं. बायकोचं मन आणि सरकारी परिपत्रक, दोन्ही त्यांना पहिल्या वाचनात कधी कळलं नव्हतं. समोर बायकोही डोळे पुसत वाटी संपवत होती. या खाण्याने वजन वाढलं, ते लपवायला निरीक्षकांनी आणखी वेढे अडकवले, काटा आणखी खाली आला, आणि ताटातलं लोणी वाढलं. आपलं नेमकं काय चाललंय हे निरीक्षकांना कळेनासं झालं.

शेवटी बायकोचा बांध फुटला. "किती झरझर उतरताय तुम्ही! म्हणून तर लोणी घालत होते. एवढं खाऊन माणूस वाळायला लागलं की साखर फार वाढलीय असं समजायचं म्हणे. आणि आता त्याच काट्यावर मीपण उतरतेय!"

"अगं, शर्टाची बटणं लागत नाहीत माझी. हे पोट बघ!"

"सूज असेल ती," बायको हुंदका देत म्हणाली आणि त्यांना ओढतच दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरांच्या काट्यावर निरीक्षक चढले. "चांगलं सहा किलो वाढलंय की वजन," डॉक्टर म्हणाले.

"खोटा आहे तुमचा काटा!" बायको कडाडली. "आमच्याकडे वजनमापे निरीक्षकाच्या घरचा काटा आहे, कळलं? अहो, बघत काय राहिलात? सील ठोका याला!"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "साहेब, खरंच काही गडबड आहे का?"

एका शब्दात सुटका होती. काटा खोटा म्हणायचं की झालं. पण निरीक्षकांनी बायकोकडे पाहिलं. ती रागावली नव्हती, घाबरली होती. हा माणूस आपल्या हातातून चाललाय अशी तिची खात्रीच झाली होती. निरीक्षकांना इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

"हा काटा बरोबर आहे," ते म्हणाले. "घरचा मी बिघडवलाय. स्प्रिंगमध्ये तार घातलीय."

आता आभाळ कोसळणार म्हणून त्यांनी मान खाली घातली. बायको मटकन स्टुलावर बसली.

"म्हणजे तुम्ही वाळत नव्हता?"

"नाही गं."

"मेले होते मी काळजीने!" असं म्हणून तिने त्यांची बाही घट्ट धरली आणि ती मनमोकळी रडली.

डॉक्टर खाकरले. "बाई, आता तुम्ही चढा."

बायको चढली. काटा पळाला आणि भलत्याच आकड्यावर जाऊन थांबला. तिने आकडा दोनदा वाचला. मग नवऱ्याकडे वळली आणि अगदी हळू, लाडीगोडीने म्हणाली, "अहो, नीट तपासा ना एकदा. नक्की बरोबर आहे ना हा?"

निरीक्षक कसेबसे खाली वाकले, काटा चारी बाजूंनी तपासला आणि पुन्हा उभे राहिले.

"बरोबर आहे."

"प्रामाणिकपणाला नेमका हाच मुहूर्त सापडला!" बायको फणकारली.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर साखरेच्या तपासणीसाठी लिहिलेलं ग्लुकोजचं एक पाकीट खोडून दोन लिहिली.