मागच्यापेक्षा?

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे ते खंडोजीराव सर. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. संकेश्वरच्या मराठी शाळेतून निघालेला मुलगा बंगळूरच्या इस्पितळात, मेंदूवरच्या संशोधनाच्या खोलीत जाऊन पोचला. तिथले संख्याशास्त्रज्ञ म्हणजे सर. पहिल्या दिवशी मी वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "कसे आहात, सर?"

"मागच्यापेक्षा?"

"आपण आजच भेटतोय, सर."

"मग कसं सांगू रे तम्मा? एका ठिपक्यावरून रेघ ठरते का?" तेव्हापासून मी त्यांचा तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ.

नुसतं 'कसे आहात' हा प्रश्नच त्यांना अर्धवट वाटे. कॅन्टीनमध्ये इडली आली की आचाऱ्याला, "भट्रे, कालच्यापेक्षा मऊ?" एका लग्नात त्यांनी नवरदेवाचा हात हातात घेऊन प्रेमानं विचारलं, "मागच्यापेक्षा बरं वाटतंय ना?" मुलीकडची मंडळी संध्याकाळपर्यंत त्याच्या मागच्या लग्नाची चौकशी करत होती.

आमचं काम सांगायला सोपं होतं. म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूचे ठरावीक काळानं पुन्हापुन्हा स्कॅन घ्यायचे, आठवणीचा भाग किती आकसला ते मोजायचं आणि संगणकावर प्रत्येकाची रेघ काढायची. सरासरी हा शब्द मी उच्चारला की सर उसळत. "सरासरी म्हातारा कुठल्या गल्लीत राहतो? पत्ता आण!" ज्याचे स्कॅन कमी, त्याची रेघ आमचं गणित गटातल्या इतरांच्या आधारानं सावरून धरी. याला सर 'शेजारधर्म' म्हणत. "पण तिसरा स्कॅन आला की शेजाऱ्यांनी स्वल्प मागं सरायचं. आता माणूस स्वतः बोलतो."

तिसऱ्या स्कॅनला लोक टाळाटाळ करत. मग सर मला घेऊन बसनं त्यांच्या घरी जात. "न येणाऱ्याला कारण असतं, तम्मा. ते दारात जाऊन विचारायचं." जयनगरचे एक निवृत्त मास्तर मशीनच्या खडखडाटाला भ्यायले होते. सरांनी त्यांना बाकावर आडवं केलं आणि कानाशी पत्र्याचा डबा बडवून सराव करून घेतला. सगळी गल्ली जमली. मास्तर मात्र आले.

तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी गटातली एक बाई तेवढी तिसऱ्यांदा आली नव्हती. रेघ छान, जवळजवळ सपाट. "हिच्याकडे जाऊ या, सर?" मी विचारी. "स्वल्प थांब." पुढच्या महिन्यातही तेच, "स्वल्प थांब." शेवटी मी त्यांनीच शिकवलेलं केलं. पत्ता काढून एकटाच चामराजपेटला गेलो.

दार सरांनी उघडलं.

ती बाई म्हणजे त्यांची थोरली बहीण. आईमागं तिनंच त्यांना वाढवलेलं. निरोगी म्हातारी माणसं मिळेनात तेव्हा त्यांनी तिलाच गटात घातलं होतं. आता सर तिला भात भरवत होते आणि ती मला विचारत होती, "आमचा खंडू जेवला का रे?"

"जेवला, अक्का," सरच म्हणाले. मग तिचं तोंड पुसत विचारलं, "कशी आहेस?"

"बरी आहे की."

मला पायरीपर्यंत पोचवायला ते आले. मी म्हणालो, "सर, मागच्यापेक्षा नाही विचारलंत?"

"तिच्याजवळ मागचं कुठं राहिलंय? तिचा रोज पहिलाच ठिपका." मग आत वळून बघत म्हणाले, "कागदावर शेजाऱ्यांनी धरून ठेवली होती रे तिला. माझ्यानं सोडवेना."

पुढच्या सोमवारी सर तिला हात धरून घेऊन आले. मशीन खडखडू लागलं तसे तिच्या पायाशी उभे राहून तिचं पाऊल धरून राहिले. रेघ मी काढली. ती उतरत गेली. सर त्या रेघेवरून शेवटपर्यंत बोट फिरवत म्हणाले, "सरी." बरं, एवढंच. त्या दिवशी त्यांनी इडलीबद्दल भट्रेंना काही विचारलं नाही.

पुढं मी धारवाडला शिकवायला लागलो. अक्का गेल्याचं तिथं कळलं, तेव्हा सरांना हे पत्र पाठवलं:

सर,
साष्टांग नमस्कार. बातमी कळली. कसे आहात असं विचारणार नाही, तुम्ही 'मागच्यापेक्षा?' म्हणाल. शेजारधर्म तुम्हीच शिकवलात. शनिवारच्या गाडीनं येतो आहे. तोवर घरात अक्का जे विचारायच्या, ते इथून मी विचारतो.
जेवलात का?
तुमचा,
तम्मा