श्री. कोल्कमान यांना इंग्रजी येत नाही

डेव्हेंटर या डच शहरातल्या कोल्कमान कुटुंबात दर रविवारी सकाळी कॉफी होते. कॉफीबरोबर प्रत्येकाला एक बिस्किट मिळतं आणि डब्याचं झाकण लागतं. ही पद्धत वर्षानुवर्षं सुरळीत चालली होती. थोरली मुलगी मार्लूस हिने ट्रेव्हर ऑल्डरसन नावाच्या इंग्रज माणसाशी लग्न केलं आणि या पद्धतीत बिघाड झाला.

बिघाड बिस्किटांचा नव्हता, भाषेचा होता. ट्रेव्हर खुर्चीत टेकला की टेबलाभोवतीचे सगळे कोल्कमान, कोणी काही न सांगता, चालू वाक्याच्या मध्यावर इंग्रजीत शिरत. जावयाला अवघडल्यासारखं होऊ नये, एवढाच हेतू. इंग्रजी सगळ्यांना उत्तम येत असे. येत नसे ते फक्त घरच्या यजमानांना. मार्लूसचे वडील बेरेंड कोल्कमान यांनी सारा जन्म आयसल नदीवर मालवाहू बोट चालवण्यात घालवला होता आणि त्या कामात इंग्रजीवाचून त्यांचं काही अडलं नव्हतं.

लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी म्हातारबुवा एक गोष्ट सांगत होते. नदी गोठलेली, बोट बर्फात अडकलेली, बायको यानेके पोटुशी आणि बोटीवरचं पीठ संपत आलेलं. "आणि तेव्हा यानेके म्हणाली..." एवढं त्यांनी म्हटलं आणि ट्रेव्हर दारातून आत आला. घरदार इंग्रजीत शिरलं. म्हातारबुवा थांबले. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि खिडकीबाहेर बघत बसले.

"आई काय म्हणाली?" परतताना मार्लूसकडून ही अर्धी गोष्ट ऐकून ट्रेव्हरने विचारलं.

"मला काय ठाऊक?" मार्लूस म्हणाली. "आई गेल्यापासून बाबांनी आज पहिल्यांदा तिचं नाव काढलं होतं. तू आलास."

त्यानंतर कित्येक रविवार गेले, पण म्हाताऱ्याने ती गोष्ट पुन्हा उघडली नाही. ट्रेव्हरला हे फार लागलं. आपल्यापायी एक माणूस स्वतःच्या घरात मुका झाला आहे, हे त्याला झोपू देईना.

"मी डच शिकणार," त्याने जाहीर केलं.

"कशाला जिवाला त्रास? सगळ्यांना इंग्रजी येतं की!" मार्लूस म्हणाली. तेही इंग्रजीत.

पोटासाठी ट्रेव्हर डच कंपन्यांतल्या लोकांना इंग्रजी सफाईदार करून देत असे. ही गोष्ट इथे केवळ माहितीसाठी नोंदवली आहे.

त्याने शिकवणी लावली. डच भाषेतला 'ग' गळ्याच्या तळातून खरवडून काढावा लागतो. मराठी माणूस तो 'ख' म्हणून हसत हसत काढील, पण इंग्रज माणसाचा गळा या कामासाठी बनवलेला नसतो. एक स्वर असा, की त्याच्यासाठी ओठ शीळ घालायच्या बेतात ठेवायचे आणि जिभेने कुरकुर करायची. लिहिण्याची तऱ्हा आणखी निराळी. पॅनकेकच्या डच शब्दात मधोमध एक 'न' सरकारने नियम करून घातला आहे. तो लिहायचा आणि बोलायचा नाही. शब्दाच्या शेवटी आलेला 'न' देशाच्या पश्चिमेकडचे लोक गिळतात. डेव्हेंटरकडचे लोक 'न' शाबूत ठेवून त्याच्या आधीचा स्वर गिळतात. काहीतरी गिळायचंच, यावर मात्र देशात एकमत आहे.

ट्रेव्हरने जिद्द सोडली नाही. आंघोळ करताना, सायकलवर, पुलावर, जिथे जागा मिळेल तिथे तो घसा खरवडत राहिला. मग त्याने गावात वापर सुरू केला. बेकरीत त्याने डचमध्ये पाव मागितला, बाईंनी इंग्रजीत "कापून देऊ का?" विचारलं. औषधाच्या दुकानात त्याने काउंटरवरच्या मुलीला डचमध्ये नुसतं 'सुप्रभात' म्हटलं. तिने काळजीने विचारलं, "कफ कोरडा आहे की सुटतोय?" इंग्रजीत. खोकल्याची बाटली घेऊन तो घरी आला.

अखेर त्याने नगरपालिकेच्या भाषा विभागाकडे तक्रार नेली. विभागप्रमुख श्रीमती फान डेर वेर्फ अतिशय सौजन्यशील होत्या.

"या कार्यालयाचं कामकाज फक्त डचमध्ये चालतं," त्या म्हणाल्या. "हा नियम तुम्हाला नीट कळावा म्हणून इंग्रजीत सांगतेय."

"पण मला डच कळतंय!" ट्रेव्हर डचमध्ये म्हणाला.

"किती गोड बोलता हो तुम्ही!" त्या इंग्रजीत म्हणाल्या.

तक्रारीत तथ्य आढळलं. परक्या तोंडचं डच ऐकून आपला नागरिक सरासरी एक वाक्यदेखील धीर धरू शकत नाही, हे चौकशीत सिद्ध झालं. तेव्हा दोष परक्यांचा नसून नागरिकांच्या सहनशक्तीचा आहे, असा निष्कर्ष निघाला आणि नागरिकांसाठी 'भाषिक सहनशीलता प्रशिक्षण' सुरू करण्यात आलं. या विषयातले सर्वांत मोठे तज्ज्ञ लंडनचे निघाले. त्यामुळे प्रशिक्षण इंग्रजीत झालं. ते फार लोकप्रिय ठरलं. शहराचं इंग्रजी लक्षणीय सुधारलं.

मग भाषा विभागाने उलट्या बाजूने विचार केला. सवय मोडता येत नसेल तर ज्याला ती लागलीच नाही असा माणूस शोधावा. शहरभर पाहणी झाली. इंग्रजी अजिबात न येणारा, धडधाकट आणि बोलका असा एकच नागरिक हाती लागला. दुसऱ्या महिन्यात बेरेंड कोल्कमान यांच्या दारावर निळी पाटी ठोकण्यात आली: 'संरक्षित डचभाषक. संभाषण पूर्वनियोजित वेळेनुसार.'

म्हाताऱ्याचे दिवस पालटले. सकाळपासून लोकांची रीघ लागली. स्कॉटिश भूगर्भशास्त्रज्ञ, अमेरिकन नर्तकी, ऑस्ट्रेलियन दंतवैद्य, सगळे बाहेर उभे राहून घसा खरवडत असत आणि आपली वेळ आली की आत जाऊन कॉफी आणि एक बिस्किट घेत. शेजारी राहणारे नितीन खरवंडीकर खिडकीतून ही गर्दी बघत. ते मूळचे नगरचे. चांगल्या नोकरीवर डेव्हेंटरला आले आणि इथे इंग्रजीत सगळं भागतं हे पाहून डचच्या वाटेला गेलेच नाहीत. बर्फ पडला की स्वतःच्या दारातला काढताना ते म्हातारबुवांच्या दारातलाही काढत, आणि होळीला न चुकता पुरणपोळी नेऊन देत.

ट्रेव्हरने रविवारी नेहमीप्रमाणे सासऱ्याचं दार ठोठावलं. दार श्रीमती फान डेर वेर्फ यांनी उघडलं.

"वेळ घेतलीय का?"

"मी जावई आहे त्यांचा!"

"म्हणूनच विचारते. आपल्या माणसाला आधी सोडलं तर उद्या लोक काय म्हणतील?"

त्याला पुढच्या वसंतातली वेळ मिळाली. ट्रेव्हर रागावला नाही. मिळालेल्या अवधीत गळा पक्का करू, असं त्याने ठरवलं. हिवाळाभर तो खपला. मधला 'न' लिहिला आणि बोलला नाही, शेवटचे स्वर डेव्हेंटरच्या रीतीने गिळले. एकदा एका अनोळखी बाईने त्याला डचमध्ये पत्ता विचारला, आणि त्याने सांगितलेलं ऐकून ती त्या दिशेने गेलीसुद्धा. त्या दिवशी त्याने मार्लूसला फुलं आणली.

ट्युलिप उमलले आणि ट्रेव्हरची वेळ आली. तो कोट घालून गेला. बसला. कॉफी आली, बिस्किट आलं, झाकण लागलं. ट्रेव्हरने हिवाळाभर घोकलेलं वाक्य एकाही अक्षराला न अडखळता म्हटलं: "बेरेंड, ती बर्फाची गोष्ट राहिलीय. यानेके काय म्हणाली, ते ऐकायला आलोय मी."

म्हाताऱ्याचे डोळे चमकले. तो खुर्चीत ताठ झाला.

"आपल्या आगमनाबद्दल आपला आभारी आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "आज हवामान समाधानकारक आहे. आपणास आणखी काही साहाय्य हवे आहे काय?"

ट्रेव्हरच्या हातातलं बिस्किट कॉफीत पडलं.

खुलासा साधा होता. रोज इतके परके लोक समोर बसून घाम गाळतात, हे म्हाताऱ्याच्याने बघवेना. दयाळू माणूस तो. एकेकाला हात देता देता इंग्रजी त्याच्या अंगी मुरलं. येणारे बहुतेक साहेबलोक, त्यामुळे आलं तेही साहेबी थाटाचं.

"मी हे केवळ आपल्यासाठी आत्मसात केले," तो अभिमानाने म्हणाला. "आपण टेबलापाशी एकाकी असायचात."

ट्रेव्हरला रडू आलं. तो डचमध्ये विनवत राहिला, म्हातारा इंग्रजीत धीर देत राहिला. दोघांपैकी कोणी मागे हटायला तयार नव्हता, कारण दोघंही हे प्रेमापोटीच करत होते. यानेकेची गोष्ट इंग्रजीत सांगायला मात्र म्हाताऱ्यापाशी शब्द नव्हते. त्याचं सारं इंग्रजी हवामान आणि साहाय्य यांच्यातच संपत होतं.

नगरपालिकेने पाटी काढून नेली. जो इंग्रजी बोलतो त्याला संरक्षण देता येत नाही.

म्हाताऱ्याला मात्र भाषेची गोडी लागली होती. शेजारच्या माणसाने इतक्या पोळ्या खाऊ घातल्या, एकदा त्याच्या भाषेत आभार मानू, असं त्याच्या मनाने घेतलं. मोबाईलवर शोधून, ऐकून तो मराठी शिकू लागला. 'ख' आणि 'घ' त्याने पहिल्या दिवशी खिशात घातले. 'ळ' मात्र वर्षअखेरपर्यंत हाती लागला नाही. जीभ मागे वळवून तो आरशासमोर बसून राही, आणि ट्रेव्हर पाणी घेऊन शेजारी उभा असे. त्याला या कामातले कष्ट ठाऊक होते.

एका रविवारी 'ळ' जमला. म्हाताऱ्याने दाढी केली आणि ट्रेव्हरला बरोबर घेऊन शेजारची घंटा वाजवली. दार उघडलं.

"नमस्कार, खरवंडीकर साहेब," म्हातारा म्हणाला. "तुमच्या पुरणपोळीबद्दल मनापासून आभार. जेवण झालं का?"

मराठी स्वच्छ होतं. 'ळ' तर नगरच्या बाजारात खपला असता. खरवंडीकरांचा चेहरा आनंदाने फुलून आला.

"अरे वाह! क्या बात है!" ते म्हणाले. "आइए आइए, अंदर आइए! बैठिए!"

म्हातारा गडबडला. आपलाच उच्चार चुकला असेल असं वाटून त्याने पुन्हा, सावकाश म्हटलं, "पुरण... पोळी."

"हाँ हाँ, पुरणपोली!" खरवंडीकर त्याहून सावकाश आणि मोठ्याने म्हणाले. "आपको अच्छी लगी?"

"हे मराठी नव्हे काय?" म्हाताऱ्याने ट्रेव्हरला हळूच इंग्रजीत विचारलं. ट्रेव्हरला भाषा ओळखता आली नाही. पण समोरच्या चेहऱ्यावरचा दयाळूपणा त्याच्या पूर्ण ओळखीचा होता.

घरी येऊन म्हातारा खुर्चीत टेकला. मग त्याने डबा उघडला, ट्रेव्हरला एक बिस्किट दिलं, आणि थोडा विचार करून दुसरंही दिलं. झाकण उघडंच ठेवलं.

"असं वाटत होतं होय रे तुला, इतकी वर्षं?" तो म्हणाला. डचमध्ये.

ट्रेव्हरने मान डोलावली.

"बस. तर ऐक. बोट बर्फात अडकलेली. पीठ संपत आलेलं. मी डोकं धरून बसलो होतो. आणि यानेके म्हणाली, 'अडकलो तर अडकलो. आता तुला पळून जाता येत नाही, तर बाळाचं नाव ठरवूया.' मार्लूस तिनंच ठरवलं."

म्हातारा बोलत राहिला. ट्रेव्हर ऐकत राहिला. कॉफी गार झाली तरी कोणी उठलं नाही.

त्याच वेळी भिंतीपलीकडे खरवंडीकर नगरला आईला फोन लावून अभिमानाने सांगत होते, "आई, इथला डच म्हातारा मराठी बोलला अगं! शुद्ध! 'पुरणपोळी' म्हणाला!"

"काय सांगतोस!" आईला गहिवरून आलं. "मग तू काय बोललास?"

"मी आपला लगेच हिंदीत बोललो."

"बरं केलंस हो," आई म्हणाली. "परक्या माणसाला उगाच त्रास नको."