आजोबा तासांत धरत नाहीत

डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या माणसाच्या मनात कळवळा असावा लागतो, आणि कळवळा असल्याचा पुरावा हातात असावा लागतो. यांपैकी पहिली गोष्ट तपासायची सोय अजून निघालेली नाही. त्यामुळे मेडिकल कॉलेजांनी सगळा भर दुसरीवर दिला आहे, आणि ते योग्यच आहे. मनातले कोण बघत बसतो? सही केलेला कागद कुणालाही बघता येतो.

ब्रिटा ओल्सेथकडे नेमका हा कागद नव्हता. अमेरिकेतल्या डुलुथ या सरोवराकाठच्या बंदरात, चढावरच्या घरात राहणाऱ्या या बावीस वर्षांच्या मुलीने पंधरा मेडिकल कॉलेजांकडे अर्ज केले होते आणि पंधराही कॉलेजांनी तिचे मनःपूर्वक आभार मानले होते. (नकार देण्याची ही सभ्य रीत आहे. आभार जितके मनापासून, नकार तितका पक्का.)

अशा मुलांसाठी तिच्या कॉलेजात एक मार्गदर्शन कक्ष होता. कक्षाच्या प्रमुख डॉ. मार्लीस प्रुइट. या डॉक्टर आहेत, पण शिक्षणशास्त्रातल्या. समोर कुणी चक्कर येऊन पडले तर त्याही चारचौघांसारख्याच ओरडतात. प्रुइटबाईंनी ब्रिटापुढे दोन गुळगुळीत पत्रके ठेवली. एक मास्टर्सचे, एक मोकळ्या वर्षाचे. दोन्हींवर तीच मुलगी हसत होती.

एक वर्षाचे मास्टर्स म्हणजे मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर बसून, तेच विषय शिकून, तीच परीक्षा द्यायची. फक्त मेडिकलला नसायचे. पास झालात तर मेडिकलचे पहिले वर्ष तुम्हाला झेपते असे सिद्ध होते, आणि मग तेच वर्ष पुन्हा करण्याची संधी मिळण्याची शक्यता निर्माण होते. फीत सवलत नाही. सवलतीमुळे जिद्द कमी होते असे आढळून आले आहे. (कोणाला आढळले, हे फी घेणाऱ्यांनी सांगितलेले नाही.)

मोकळे वर्ष हे नाव ज्याने ठेवले त्याला विनोदाचे अंग असावे. या वर्षात उमेदवाराने रुग्णसेवेचे तास भरायचे. डॉक्टरांच्या मागे मागे फिरायचे तास वेगळे. त्यात बोलायचे नाही आणि कशाला हात लावायचा नाही, लग्नात करवली फिरते तसे फिरायचे. गरिबांची सेवा करायची, शक्यतो लांबच्या गरिबांची, कारण जवळचे ओळखतात. शिवाय एक असा अनुभव घ्यायचा, ज्याने माणूस मुळापासून बदलून जातो. हा अनुभव एप्रिलच्या आत आलेला बरा.

"तिसऱ्या वर्षी तुझे मार्क का घसरले?" प्रुइटबाईंनी विचारले.

"आजोबांना अर्धांगाचा झटका आला, मॅडम. तेव्हापासून त्यांचं मीच बघतेय. भरवणं, आंघोळ, व्यायाम, सगळं."

"किती छान." बाईंनी पेन उचलले. "आणि तास?"

"मोजले नाहीत."

"मोजले असतेस तरी उपयोग नव्हता म्हणा." पेन खाली गेले. "घरचं माणूस तासांत धरत नाहीत. ते प्रेम झालं. प्रवेश समितीला सेवा लागते."

"फरक काय असतो?"

"सेवेवर देखरेख असते." मग आवाज मऊ करून त्या म्हणाल्या, "आणि वाईट वाटून घेऊ नकोस, पण आजोबा बहुतेक सगळ्याच अर्जदारांना असतात."

ब्रिटा पत्रके घेऊन घरी आली. प्रश्न तसा सरळ होता. मास्टर्स करायचे तर ते चार तासांवरच्या शहरात, म्हणजे आजोबांची रवानगी वृद्धाश्रमात. मोकळे वर्ष घ्यायचे तर आजोबा घरीच, त्यांच्या खिडकीत, आणि ती त्यांच्याजवळ. आई, करीन, दिवसभर ड्रायव्हिंग लायसन्सच्या ऑफिसात लोकांचे फोटो काढायची. "मी नोकरी सोडली तर विमा जाईल," ती म्हणाली, "आणि विमा गेला तर तुझे आजोबा घरीही परवडणार नाहीत आणि आश्रमातही परवडणार नाहीत." एवढे बोलून तिने बटाटे आणि खिम्याची हॉटडिश ओव्हनमध्ये सरकवली.

आजोबा, अर्विड, यांनी सगळी उमर सरोवरावर खनिजाच्या जहाजांत काढली होती. झटक्यानंतर उजवा हात गेला, शब्द निम्मे झाले, पण नेम तोच राहिला.

"काय ठरलं, पोरी?"

"मोकळं वर्ष घेते, आजोबा. इथेच राहते."

"म्हणजे मोकळी आहेस."

"नाही."

"मग बरोबर," आजोबा म्हणाले.

समोरच्या घरातल्या वेस्ली हाकलाचेही हेच रडगाणे होते. त्याचे त्याच कॉलेजांनी त्याच मनापासून आभार मानले होते. घरी आजी, ऐली. खुब्याचे हाड मोडलेले, नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि जीभ ठणठणीत. मंगळवारी सकाळी दोघे कचऱ्याचे डबे रस्त्यावर आणताना भेटले.

"तुझे तास कुठे चाललेत?" ब्रिटाने विचारले.

"कुठले तास? हॉस्पिटलात चादरीच्या घड्या घालायलासुद्धा नंबर लागलाय. आजीच्या गोळ्या, तिची नळी, तिला उठवणं-बसवणं, सगळं मी करतो. शून्य."

"माझंही शून्य."

दोघांनी डब्यांची झाकणे दाबून बसवली. मोठे शोध अशाच कामात लागतात म्हणतात.

"तुझे आजोबा," वेस्ली सावकाश म्हणाला, "माझे कुणीच लागत नाहीत."

अशा रीतीने त्या गल्लीत आजी-आजोबांची अदलाबदल सुरू झाली. सकाळी नऊला ब्रिटा आपल्या दारातून निघे, वेस्ली त्याच्या. दोघे रस्त्याच्या मधोमध एकमेकांना हात करत आणि आपापल्या परक्या माणसाकडे जात. ब्रिटाच्या तासांवर वेस्लीची आई सही करी, वेस्लीच्या तासांवर करीन. आईची सही पोटच्या मुलीच्या कागदावर अग्राह्य असते; शेजारणीच्या मुलाच्या कागदावर तीच सही तज्ज्ञाची होते.

ऐलीआजींना हे समजावून सांगावे लागले.

"म्हणजे माझा नातू तिकडे, आणि समोरच्या म्हाताऱ्याची नात इकडे."

"हो, आजी."

"मग मधे रस्ता कशाला?"

"रस्त्यामुळेच ते धरलं जातं."

ऐलीआजींनी नाकातली नळी नीट केली. "वेलदोड्याचा पाव खा," त्या म्हणाल्या. "तो धरतात का?"

तिकडे अर्विडआजोबांनी वेस्लीला दोन दिवस नुसते पाहिले. तिसऱ्या दिवशी ब्रिटा परतल्यावर त्यांनी विचारले, "तो पोरगा कोण?"

"स्वयंसेवक आहे, आजोबा."

"माझी बिस्किटं खातो." आणि बऱ्याच वेळाने, "तू करायचीस ते काय वाईट होतं?"

याचे उत्तर नियमावलीत होते, पण ब्रिटाने ते त्यांना वाचून दाखवले नाही. तिने त्यांचे मोजे बदलले. हे काम चारनंतरचे, म्हणजे प्रेमाचे, असल्यामुळे त्याची कुठे नोंद नाही.

प्रुइटबाईंना ही व्यवस्था कळली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. शरद ऋतूच्या अखेरीस कक्षाचे नवे पत्रक निघाले आणि तेवीस घरे या योजनेत आली. योजनेचे परिणाम थक्क करणारे होते. आपल्या आजीला फोनसुद्धा न करणारी मुले दुसऱ्याच्या आजीला सूप भरवू लागली. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना इतकी मागणी आली की ज्यांचे आजोबा अजून बर्फ उपसत होते त्या मुलांना कमीपणा वाटू लागला. एक आजी अचानक बरी होऊन हिंडू-फिरू लागली. तिला यादीतून वगळण्यात आले आणि तिच्या सेवकाने त्याबद्दल तक्रार नोंदवली. एकूण समाधान चौऱ्याण्णव टक्के निघाले. (म्हाताऱ्यांना विचारले नव्हते. ते नातेवाईकांइतकेच पक्षपाती असतात.)

मार्चच्या पहिल्या आठवड्यात हृदयाच्या डॉक्टरांनी करीनला बाजूला घेऊन सांगितले की आजोबांचे हृदय थकले आहे, आता महिना म्हणा, कदाचित तेवढाही नाही. सरोवर गोठलेले होते, जहाजे बंद होती. अर्विडआजोबा खिडकीत बसून बर्फाकडे बघत. मोसमातले पहिले जहाज मार्चच्या शेवटी येते. त्यांना ते बघायचे होते. बाकी काही मागणे नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ब्रिटा रस्त्याच्या मधोमध थांबली.

"वेस्ली, आजपासून मी घरीच राहणार. आजोबांजवळ."

वेस्लीचा चेहरा उतरला. तो वाईट मुलगा नव्हता. "अगं, पण माझे त्यांच्याकडचे साठ तास राहिलेत."

"मग येत जा. स्वयंपाकघरात बस."

"आणि तुझे?"

"माझे जाऊ देत."

"मोकळ्या वर्षात खंड पडला तर समिती विचारते," तो कळकळीने म्हणाला. "प्रुइटबाईंनी सांगितलंय ना? दुसरं काहीही चालतं, खंड चालत नाही."

"विचारू दे."

ऐलीआजींनी निरोप पाठवला की त्यांना मरायची घाई नाही, त्यामुळे ब्रिटाने काळजी करू नये. सोबत पाव होता.

पुढचे तीन आठवडे ब्रिटाने काहीही केले नाही. अधिकृत भाषेत हे असेच म्हणावे लागते. तिने आजोबांना उशीला टेकवून बसवले, चमच्याने कॉफी पाजली, त्यांची दाढी केली, आणि श्वास लागला की पाठीवर हात ठेवून नुसती बसली. वेस्ली नियमाने येई, हॉटडिश गरम करून खाई आणि चारला करीनसाठी कागद टेबलावर ठेवून जाई. एकदा त्याने दारातून विचारले, "काही मदत हवीय का?" आजोबा म्हणाले, "बिस्किटं वरच्या कपाटात आहेत."

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, एका दुपारी, बंदराच्या तोंडाशी असलेल्या पुलाच्या दिशेने भोंगा झाला. एक लांब, मग दोन आखूड. ब्रिटाने पडदा पूर्ण बाजूला केला. बर्फातली काळी वाट कापत जहाज आत येत होते. आजोबा बराच वेळ बघत राहिले.

"उशीर केला," ते म्हणाले.

"आलं की पण."

"तुलाच म्हणतोय," आजोबा म्हणाले आणि डाव्या हाताने त्यांनी तिचा हात धरला. "तिकडे म्हातारीकडे बसायचीस, सगळा हिवाळा."

दोन दिवसांनी ते गेले. ब्रिटा उशाशी होती. वेस्ली स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, हातात बशी घेऊन. कागदावर त्या दिवसापुढे त्याने 'उपस्थित' असे लिहिले, आणि करीनने सही केली. त्याने काय लिहिले आहे ते तिने वाचले नाही.

एप्रिलमध्ये मुलाखती झाल्या. वेस्लीने समितीला एक पुरवणी निबंध पाठवला होता. त्यात एक वृद्ध खलाशी आणि एक तरुण सेवक मोसमातल्या पहिल्या जहाजाचा भोंगा एकत्र ऐकतात आणि खलाशी तरुणाचा हात धरतो. समितीतल्या दोघांनी डोळे पुसले. त्याला प्रवेश मिळाल्याचे पत्र त्याच आठवड्यात आले. त्यात आभार नव्हते.

ब्रिटाची फाइल समितीपुढे अंमळ जास्त वेळ उघडी राहिली. सगळे ठीक होते. मात्र ज्या वृद्ध बाईंची तिने सेवा केली त्या अजून जिवंत होत्या आणि पाव भाजत होत्या. त्यामुळे अनुभवाला खोली कमी पडली.

"आणि मार्चमध्ये तीन आठवडे दिसत नाहीत," अध्यक्ष म्हणाले. "त्या काळात आपण काय केलंत?"

ब्रिटाने जरा विचार केला. कागदावर सही करायला आता आजोबाही नव्हते.

"घरी होते."

अध्यक्षांनी लिहून घेतले.

आभाराचे पत्र मोठे होते आणि त्यात सल्लाही होता: उमेदवाराने सातत्य सिद्ध करण्यासाठी एक वर्षाचे मास्टर्स करावे. मास्टर्स की मोकळे वर्ष, या प्रश्नाचे अधिकृत उत्तर 'दोन्ही' असे आहे. क्रम आपल्या आवडीप्रमाणे. घरी आता कुणाला आश्रमात पाठवायचे राहिले नव्हते, तेव्हा ब्रिटाने बॅग भरली.

मास्टर्समध्ये 'रुग्णाशी संवाद' नावाचा विषय आहे. त्याच्या परीक्षेला मरणासन्न म्हाताऱ्याचे काम करायला एक नट येतो. नट चांगला होता. धाप त्याला छान लागत असे. ब्रिटा आत गेली, तिने त्याला पाहिले, आणि काही न बोलता त्याची घसरलेली उशी वर केली, हनुवटीवरची लाळ पुसली आणि पाठीवर हात ठेवून बसली. नट पाठ केलेले वाक्य विसरला.

तिला शंभरात एकसष्ट मिळाले. स्वतःची ओळख करून दिली नाही, हात लावण्याआधी परवानगी घेतली नाही, आणि 'हे तुमच्यासाठी कठीण असणार' हे वाक्य, ज्याला दहा गुण होते, ती एकदाही बोलली नाही. त्याच सुमारास मेडिकलच्या पहिल्या वर्षात याच परीक्षेत वेस्ली पहिला आला. पुढेमागे तुमची छाती दुखली तर तो तुम्हाला ते वाक्य म्हणेल. तुम्हाला बरे वाटेल.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेत असेच चालायचे. आपल्याकडे माणसे अजून माणसांना धरून आहेत. हे ऐकून मलाही धीर आला असता. पण तुम्ही ही गोष्ट वाचायला बसलात त्याला दहा-बारा मिनिटे झाली, आणि दुसऱ्या परिच्छेदाच्या आसपास आतल्या खोलीतून कुणीतरी तुम्हाला हाक मारली होती. पान संपवून जाऊ, असे तुम्ही ठरवलेत. हरकत नाही. गेला असतात तरी ते कुठे धरले जाणार नव्हते.