आवाज घरी ठेवून

उंबरखोंडीत कुणाला बाहेरगावी मुक्कामाला जायचं असलं, की त्याने आपला आवाज घरी ठेवून जायचं असतं. यात नवीन काही नाही, पहिल्यापासून असंच आहे, आणि कारणही सरळ आहे. माणसाचे हात उसने मिळतात. धार काढायला भावकीतलं कुणी येतं, मोटार लावायला शेजारी येतो. पण म्हैस पान्हा सोडते ती ओळखीच्या आवाजाला, आणि कोंबड्या खुराड्यात शिरतात त्या रोजच्या शिव्या ऐकूनच. मागे एकदा खालच्या आळीतलं एक जोडपं आवाजासकट देवदर्शनाला गेलं होतं. परत येऊन बघतात तर म्हैस आटलेली, कोंबड्या शेजारणीकडे नांदायला गेलेल्या, आणि कुत्रा ओळखच दाखवेना. तेव्हापासून असला आगाऊपणा कुणी करत नाही.

तर संजीवनी आणि भानुदास यांनी चार दिवस समुद्रावर जायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे त्यांनी नव्हे, त्यांच्या लेकीने. तेजल तालुक्याच्या कॉलेजात शिकत होती आणि घरात तिचंच बोलणं सगळ्यात मोठं असे.

"लग्नाला बावीस वर्षं झाली तुमच्या," ती म्हणाली. "दोघं मिळून कुठं गेलात सांगा बघू? खताच्या दुकानात!"

"बियाणं आणायलाही गेलोय की," भानुदास म्हणाला.

"ते त्याच दुकानात मिळतं, बाबा."

"अगं पण दोघं एकदम गेल्यावर म्हशीनं काय करायचं?"

"आवाज आहेत की तुमचे. मी आहे, आजी आहे. जा गुमान."

भानुदासची आई अनसाबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर न करताच परवानगी दिली. "जाऊ दे त्यांना. आवाज तेवढे साफ ठेवा म्हणावं. तुझा आजा एकदा खोकल्यासकट ठेवून गेला होता. आठवडाभर गोठ्यात खोकला चाललेला, म्हशी बिचाऱ्या जागरणानं वाळल्या."

निघायच्या दिवशी सकाळी रीतीप्रमाणे पोलीस पाटील निवृत्तीअण्णा साक्षीला आले. चहा घेतला, टोपी नीट केली आणि विचारायला लागले.

"आवाज कुणाच्या ताब्यात?"

"सासूबाईंच्या," संजीवनी म्हणाली.

"काम काय काय?"

"चंद्री म्हशीची दोन वेळची धार, कोंबड्या, आणि दुपारी शेळीला हाक. ती बांधावरनं पलीकडं जाते."

"आणि तुझा रं?"

"माझा कुत्र्याला. आणि पाण्याच्या पाळीवरनं शेजाऱ्याशी बोलायला," भानुदास म्हणाला.

"आत काही भांडण वगैरे आहे का? असलं तरी हरकत नाही म्हणा. भांडणासकट ठेवलेले आवाज काम जोरात करतात."

"भांडण नाही," दोघं एकदम म्हणाली.

"मग घराकडं तोंड करून शेवटचं काय ते बोला. बोलणं संपलं की आवाज आत राहील."

या क्षणाचा विचार संजीवनी आठवडाभर करत होती. तिच्या घरात बोलणं काही कमी नव्हतं. पहाटेपासून दिवे मालवेपर्यंत नवरा-बायको बोलतच असत, पण सगळं कामाचं. चारा टाकला का, दारं धरलं का, कांद्याला पाणी कधी द्यायचं. या माणसाच्या पोटात याखेरीज काही आहे की नाही, हे तिला बावीस वर्षांत कळलं नव्हतं. आता चार दिवस बोलायचं नाही म्हटल्यावर हा जाता जाता तरी काही वेगळं बोलेल, अशी तिला वेडी आशा लागली होती.

भानुदास घराकडे तोंड करून उभा राहिला. त्याने घसा खाकरला.

"मोटारीचा पाना खोलीत खुंटीला आहे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज आत गेला.

संजीवनीच्या डोळ्यांत पाणीच आलं. तुझं मेल्याचं मोटारीशी लग्न लावायला हवं होतं, असं मनात म्हणत ती पुढे झाली. तिनेही काहीतरी चांगलं बोलायचं योजलं होतं. पण तोंड उघडलं आणि निघालं काय, तर "दूध उतू घालवू नका." झालं. आता परत घ्यायची सोय नव्हती. तिला त्याच्यापेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

कोकणात ज्या घरी त्यांची उतरायची सोय होती, तिथल्या शैलाकाकूंनी दोघांना अंगणात मुकाट्याने उभं राहिलेलं पाहिलं आणि लगेच ओळखलं.

"उंबरखोंडीची काय? असू दे, असू दे. गेल्या साली पण एक जोडपं आलेलं तिकडचं. जेवताना नको असेल तेव्हा ताटावर आडवा हात धरा म्हणजे झालं. नाहीतर मी आपली वाढतच जायची."

पहिला दिवस फार अवघड गेला. मूग गिळून बसणं निराळं आणि बोलायला आवाजच नसणं निराळं. दोघं किनाऱ्यावर बसली. समुद्र आपला येत होता, जात होता. भानुदासने थोडा वेळ त्याच्याकडे असं पाहिलं, जणू म्हणत होता, एवढं पाणी आणि एका वाफ्यालाही उपयोग नाही. संजीवनीला ते न बोलता कळलं आणि ती हसली. मग तो ओशाळून हसला.

दुसऱ्या दिवशी त्याने एक काटकी घेतली आणि ओल्या वाळूत आपलं शेत काढलं. विहीर, मोटारीची खोली, गोठा, कांद्याचे वाफे, शेजारच्या हद्दीचा बांध, सगळं जिथल्या तिथे. काढून झाल्यावर तो तिच्याकडे बघत राहिला. संजीवनीने काटकी घेतली आणि बांधावर, शेवग्याच्या झाडाशी, एक टिंब काढलं. त्याने भुवया उंचावून विचारलं, हे काय? तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. रोज दुपारी भांडी झाल्यावर ती तिथे जाऊन बसत असे. कुणी बघत नाही असं पाहून घटकाभर गुणगुणायची. माहेरच्या हळदीत तिच्यावाचून गाणी सुरू होत नसत, तशी ती गळ्याची माणूस होती, पण सासरी गाणं म्हणजे काही काम नव्हतं. भानुदासने त्या टिंबाकडे बराच वेळ पाहिलं. त्याच्याच दोन एकरांत बायकोची एक जागा होती आणि ती त्याला ठाऊक नव्हती. पुढची लाट आली आणि शेत घेऊन गेली, तेव्हा तो चटकन वाकला, जणू तेवढं टिंब उचलून घेणार होता.

संध्याकाळी तेजलचा फोन येई. या बाजूने बोलता येत नसल्यामुळे फोनवर टकटक करायची असं ठरलं होतं. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. तिसऱ्या दिवशीही तो आला.

"जेवलात का?" टक. "भांडलात का?" टकटक. "बरं, इकडं सगळं ठीक आहे. चंद्रीनं दूध नेहमीपेक्षा जास्त दिलं. आई, तुझा आवाज एकदम गुणी आहे, कोंबड्यांना नुसतं रागावतो, मला नाही. फक्त एक झालंय. काम आटोपलं की तुम्हा दोघांचे आवाज गोठ्यात बोलत बसतात."

संजीवनीने फोन घट्ट धरला. काय बोलतात, हे विचारायचं होतं तिला. पण टकटक करून 'काय' असं विचारता येत नाही.

"काय बोलतात ते मी नाही ऐकत बाई," तेजल म्हणाली. "आजी म्हणते, लग्न झाल्यापासून मिळून एवढी बोलली नसतील. काल बाबांचा आवाज जरा भरून आला होता. बरं, ठेवू?"

संजीवनीने दोनदा वाजवलं. पण तोवर फोन ठेवलेला होता.

त्या रात्री शैलाकाकूंनी केलेल्या सुरमईचा तुकडा न तुकडा भानुदासने काटे काढून तिच्या ताटात सरकवला. तिचं जेवणात लक्ष नव्हतं. आपण इथे मुक्या, आणि आपलंच कुणीतरी तिकडे नवऱ्याशी पोटभर बोलतंय, या विचाराने तिला हेवा वाटत होता. हेवा तरी कुणाचा करायचा? स्वतःच्याच घशाचा! आणि घरी जाऊन आवाज परत घेतला तरी उपयोग नव्हता. परत आलेल्या आवाजाला मागचं काही आठवत नाही. सगळ्या गावाचा तसा अनुभव आहे.

चौथ्या दिवशी घाटात गाडीला उशीर झाला. उंबरखोंडीच्या फाट्यावर उतरली तेव्हा ऊन डोंगराच्या माथ्याला लागलं होतं. तेजल फाट्यापर्यंत धावत आली.

"चला लवकर, आजी ओरडतेय! दिवेलागणीच्या आत घ्यायला हवेत ना."

तो नियम मात्र कडक होता. परतीच्या दिवशी दिवेलागणीपूर्वी आवाज जिथे असेल तिथे दारात उभं राहून ज्याने त्याने टाळी वाजवायची, की ज्याचा त्याला मिळतो. तेवढी वेळ चुकली, की आवाज घरचा होतो. मग तो घरातून हलत नाही आणि माणसाच्या घशातही येत नाही. वरच्या आळीच्या गेनूचं तसंच झालं होतं. त्याचा आवाज घरी बायकोशी गप्पा मारतो आणि तो बाजारात बोटं दाखवून टोमॅटो विकतो. भाव बरा मिळतो म्हणे, पण गेनू कधी कुणाच्या लग्नाला जात नाही.

दोघं पिशव्या टाकून गोठ्याच्या दाराशी आली. भानुदासने टाळीसाठी हात उचलले, आणि आतून त्याचाच आवाज ऐकू आला म्हणून तो थबकला.

"तुझ्या थोरल्या बहिणीची हळद होती," त्याचा आवाज सांगत होता. "तू गात होतीस. मी मांडवाच्या बाहेर जोडे सांभाळत उभा होतो. तेव्हाच ठरवलं होतं, लग्न झालं की हिला एक विचारायचं."

"मग विचारलं का नाही?" हा संजीवनीचा आवाज होता. स्वतःचा आवाज असा बाहेरून तिने पहिल्यांदाच ऐकला. बरा होता की.

"राहूनच गेलं. कांदा काढणीला आला होता."

"बावीस वर्षं कांदाच काढत होता?"

"मधे दोन वर्षं ऊस होता."

आतला संजीवनीचा आवाज हसला. बाहेर संजीवनीनेही तोंडावर पदर धरला. दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकू नये हे तिला कळत होतं, पण आपलंच बोलणं ऐकायला कसली आली चोरी?

"मग आता विचारा," तिचा आवाज म्हणाला.

आत चंद्री रवंथ करत होती तेवढाच आवाज.

"तुझं मन रमलं का गं इथं?"

बाहेर भानुदासचा चेहरा पार उतरला. त्याला उत्तराची भीती वाटली, हे तिला स्पष्ट दिसलं. तिलाही वाटली. कारण आतला तिचा आवाज गप्प झाला होता, आणि तो काय सांगणार हे तिला स्वतःला माहीत नव्हतं. हा प्रश्न तिला कधी कुणी विचारला नव्हता. सासूने नाही, माहेरी आईने नाही, आणि तिनेही स्वतःला नाही. कामाच्या रगाड्यात कोण कुणाला असलं विचारतो?

भानुदासने घाईघाईने परत हात उचलले. संजीवनीने त्याचा एक हात धरला.

त्याने डोंगराकडे पाहिलं, मग तिच्या गळ्याकडे बोट केलं. तुझा जाईल, असं त्याला म्हणायचं होतं. तिने असू दे अशी मान हलवली आणि हात सोडला नाही. मग त्यानेही दुसरा हात खाली केला.

मागून अनसाबाई तरातरा आल्या. "अगं टाळी वाजवा की, अशी उभी काय राहिलात! सूर्य चालला. उद्या माहेरच्या हळदीत काय नुसती मान डोलवत बसणार आहेस?"

"आई, घे ना गं तुझा आवाज," तेजल रडवेली होऊन म्हणाली. "मग तिकडं कॉलेजात माझ्याकडं आलीस की मला हाक कोण मारणार?"

संजीवनीला सगळं ऐकू येत होतं आणि सगळं खरं होतं. हळदीतलं गाणं जाणार होतं, बहिणीशी तासन्‌तास चालणाऱ्या गप्पा जाणार होत्या, बाजारात भाजीवालीशी हुज्जत घालता येणार नव्हती. तिचा जीव तळमळला. पण आता टाळी वाजवली असती, तर आतलं उत्तर तोंडातच विरून गेलं असतं, आणि प्रश्नही. आणि हा माणूस पुन्हा विचारेल याची काय खात्री? पुढच्या महिन्यात कांदा काढणीला येणार होता.

ऊन डोंगरामागे गेलं. अनसाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मग थोड्या वेळाने, रीत ती रीत म्हणून, त्यांनी तेजलला गोठ्यातला दिवा लावायला सांगितलं.

दिवा लागल्यावर संजीवनीचा आवाज बोलला.

"नव्हतं रमलं," तो म्हणाला. "कुणी विचारलं नाही, म्हणून बोलले नाही."

बाहेर भानुदासने मान खाली घातली.

"आता विचारलंत," आवाज पुढे म्हणाला. "आता बघते, रमतंय का."

"बघ," भानुदासचा आवाज म्हणाला. "घाई नाही."

भानुदासचा हात अजून तिच्या हातात होता. त्याने तो सोडवून घेतला नाही. अनसाबाईंनी चंद्रीपुढे वैरण टाकली, हात झटकले, आणि दारातल्या दोघांना आणि आतल्या दोघांनाही जेवायला चला म्हणून हाक मारली.