डार्क वेब निगराणी कक्ष, कळंब

कळंबच्या सुवर्णतूर डाळ प्रक्रिया सहकारी संघाचा संगणकीय कारभार परस्पर विश्वासावर चालत असे. गोदामातून माल सोडण्याचा आदेश संगणकावर निघायचा आणि त्यासाठी ज्याचा त्याचा पासवर्ड लागायचा. पण अध्यक्ष रणधीरदादा कुठल्या तरी लग्नात असत, व्यवस्थापक गुरुसिद्धप्पा साहेब दादांच्या गाडीत असत आणि येडशीच्या गोदामाचे प्रमुख तात्याराव यांना की-बोर्डाची भीती वाटे. काम तर थांबवता येत नाही. म्हणून ज्याला जो पासवर्ड लागेल, तो त्यानं शेजारच्या टेबलावर विचारावा, अशी पद्धत पडली होती. कधी कुणाची तक्रार आली नव्हती.

अशा सुरळीत संस्थेत पुण्याच्या एका कंपनीचे प्रतिनिधी योगीराज आले. त्यांनी संचालक मंडळाला सांगितलं, की इंटरनेटच्या तळघरात डार्क वेब नावाचा एक चोरबाजार आहे आणि तिथं संस्थांचे चोरलेले पासवर्ड विकले जातात.

"कोणत्या वारी भरतो?" बलभीम या ज्येष्ठ संचालकांनी विचारलं.

"रोजच असतो, सर."

"मग बाजार समितीचा सेस भरतो का?"

योगीराज यांनी घाईनं पडद्यावर पुढचं चित्र आणलं. तरीही ठराव मंजूर झाला, कारण शेजारच्या तालुक्यातल्या संघाकडं असलं काही नव्हतं. कंपनीची सेवा घ्यावी आणि 'डार्क वेब निगराणी कक्ष' स्थापन करावा, असं ठरलं. संघप्रिया ही संघाची एकमेव संगणक अधिकारी. ती कक्षप्रमुख झाली. रिकाम्या बारदानाच्या खोलीत कक्ष थाटला. खिडक्यांच्या काचांना काळा रंग मारला. "नावाला शोभलं पाहिजे," दादा म्हणाले. तेव्हापासून संघप्रिया भर दुपारी दिवा लावून बसू लागली.

पहिली सूचना आली ती तात्यारावांच्या पासवर्डची. त्या बाजारात तो विकायला मांडला होता, संघाच्या नावासकट. संघप्रिया धावतच गुरुसिद्धप्पांकडं गेली.

"सर, हा आजच्या आज बदलावा लागेल. तुमची परवानगी हवी."

गुरुसिद्धप्पांनी ठराव मागवला, चष्मा लावला आणि सावकाश वाचला. "यात 'निगराणी' लिहिलंय. बदलायचं कुठं लिहिलंय?"

"पण सर, चोरीला गेलेला दिसल्यावर..."

"दिसला ना? मग कक्षाचं काम झालं. अर्ज द्या, मंडळापुढं ठेवू."

तिनं अर्ज दिला. दोन दिवसांनी तो शेरा मारून परत आला: 'पाहिले. निगराणी सुरू ठेवावी.'

ती येडशीला गेली. तात्याराव गोदामाच्या सावलीत पोती मोजत उभे होते.

"काका, तुमचा पासवर्ड चोरीला गेलाय."

"माझा? म्या तर त्यो कधी बघितला बी न्हाय, ताई. पोरं दाबत्यात ते बटन." मग काळजीनं म्हणाले, "माझ्यावर काय येणार न्हाय ना?"

"येऊ देणार नाही," संघप्रिया म्हणाली, आणि परतीच्या वाटेवर तिला स्वतःच्याच बोलण्याची भीती वाटली.

सूचना येतच राहिल्या. अध्यक्षांचा पासवर्डही सापडला, पण त्यावरून वेगळाच प्रसंग उद्भवला. गुरुसिद्धप्पांचा पासवर्ड त्या बाजारात विकत मिळत होता, आणि अध्यक्षांचा त्यावर फुकट देत होते. दादा दोन दिवस संघात फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात बातमी दिली: 'सुवर्णतूरच्या कक्षाची दमदार कामगिरी, अल्पावधीत विक्रमी चोऱ्या उघडकीस.'

त्याच आठवड्यात तात्यारावांच्या पासवर्डनं माल सोडण्याचा आदेश निघाला. तुरीच्या डाळीनं भरलेला ट्रक येडशीच्या फाटकातून रीतसर बाहेर पडला, सोलापूरच्या रस्त्याला लागला आणि कुठंच पोचला नाही. ज्या व्यापाऱ्याच्या नावानं आदेश होता, तसा व्यापारी नव्हता. तात्यारावांना निलंबित करण्यात आलं. आदेश त्यांच्याच पासवर्डचा होता.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी मथुराबाई कक्षात आल्या. काळ्या काचांकडं बघत दारातच थांबल्या.

"ताई, तुमचं काम राखणीचंच ना?"

"हो, मावशी."

"मग चोर आला तवा तुम्ही काय केलं?"

"पाहिलं," संघप्रिया म्हणाली.

"कालपास्नं जेवले न्हाईत ते. लोकं बघायला येत्यात." एवढं बोलून मथुराबाई गेल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही.

चौकशी समितीत संघप्रियानं न बोलावता हजेरी लावली. समितीचे प्रमुख गुरुसिद्धप्पाच होते.

"पासवर्ड चोरीला गेलाय हे तुम्हाला आधीच माहीत होतं म्हणता?"

"हो. आणि तुम्हालाही."

"आमचं सोडा. म्हणजे चोराखेरीज हे फक्त कक्षाला माहीत होतं." गुरुसिद्धप्पांनी लेखनिकाकडं पाहिलं. "लिहून घ्या. संशयास्पद."

संघप्रिया समितीच्या सदस्यांकडं वळली. "तात्याराव काकांचा पासवर्ड काय आहे?"

"येडशी, पुढं एक-दोन-तीन," बलभीम पटकन म्हणाले. दुसऱ्या सदस्यानं 'वाय मोठा' अशी दुरुस्ती केली. लिहून घेणाऱ्या लेखनिकानं मान डोलावली.

गुरुसिद्धप्पांनी 'संशयास्पद' खोडायला सांगितलं.

तात्याराव निर्दोष सुटले. पासवर्ड सर्वांनाच माहीत असल्यानं कुणा एकाला दोषी धरता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. ट्रकभर डाळ 'डिजिटल सुकवण' या नव्या सदराखाली घट म्हणून मंजूर झाली. तात्याराव कामावर रुजू झाले, पण संगणकाच्या खोलीत पुन्हा गेले नाहीत. कुणी नमस्कार केला, तर ते बटन याच हातांनी दाबलं की काय, अशा नजरेनं आधी त्या माणसाच्या हाताकडं बघत.

ते पाहून संघप्रियानं कुणालाही न विचारता सगळ्यांचे पासवर्ड बदलले, ज्याचा त्याला बंद दाराआड सांगितला आणि दुसऱ्याला सांगायचा नाही अशी शपथ घातली. पुढच्या महिन्यात डार्क वेबवर संघाचं काहीच सापडलं नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही.

मंडळाची तातडीची बैठक झाली. कक्षाचं काम शून्यावर आल्याची गंभीर नोंद झाली. संघप्रियाला विनापरवानगी सुरक्षितता वाढवल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस मिळाली. योगीराज पुण्याहून धावत आले. सेवा बंद होऊ नये म्हणून त्यांनी मार्ग सुचवला: संघात चोऱ्या उरल्या नसतील, तर कक्ष जनतेला खुला करावा.

वार्षिक सभेच्या दिवशी मंडपात टेबल मांडलं. वर फलक लागला: 'आपला पासवर्ड चोरीला गेला आहे का? चिठ्ठीवर नाव व पासवर्ड लिहून पेटीत टाका. मोफत तपासून मिळेल.' रांग मंडपाबाहेर गेली. शेतकरी मोजकेच होते. शिक्षक होते, तालुक्याचे डॉक्टर होते, बँकेतले एक साहेबही होते.

संघप्रिया रांगेच्या कडेनं फिरत होती. "कुणालाही लिहून देऊ नका. मलासुद्धा."

"मॅडम," एक मुख्याध्यापक समजुतीच्या सुरात म्हणाले, "लिहून दिल्याशिवाय तो गुप्त राहिलाय का, हे कळणार कसं?"

तिनं हात जोडले आणि त्याच दुपारी राजीनामा दिला. पेटी दोनदा भरली.

ही हकीकत ऐकून कळंबबाहेरचे सुशिक्षित लोक हसतात. त्यांचा पासवर्ड असा कुणाच्या हाती लागायचा नाही. तो मुलीच्या नावाचा आहे, पुढं तिचं जन्मसाल, आणि बँकेला, ऑफिसला, लाइट बिलाला तोच. आत्ता वाचता वाचता मनात आला ना, तोच.