यानावरचा क्लीनर

धुळ्याच्या थिएटरात ऐन रंगात आलेला इंग्रजी सिनेमा उभं राहून थांबवायचा प्रयत्न आजवर एकाच माणसाने केला असेल, आणि ते आमचे शेजारी सुकलालआबा. पडद्यावर सात शास्त्रज्ञ यान घेऊन कुठल्याशा तांबड्या ग्रहावर उतरले होते. त्यातली एक बाई दगड गोळा करत लांब गेली, तेवढ्यात सरड्याच्या तोंडाचे राक्षस आले आणि कप्तानाने डोळ्यांत पाणी आणून, बाईच्या दिशेने सलाम ठोकून यान उडवलं. सगळं थिएटर हळहळलं. आबा मात्र खुर्चीवर चढून ओरडले, "गाडी थांबाडा! एक शीट खाले ऱ्हाई गयं!"

बॅटरीवाल्याने आम्हा दोघांना बाहेर काढलं. मी शाळामास्तर, मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबांना त्याचं काही नाही. स्टँडपर्यंत त्यांचं एकच पालुपद, "मास्तर, एवढी मोठी गाडी, आन् किलीनर नही?"

आबा स्वतः पूर्वी लग्नाची वऱ्हाडं नेणाऱ्या खासगी बसवर क्लीनर होते. काच पुसायची, टपावर सामान बांधायचं, माणसं मोजायची आणि शेवटी दाराच्या पत्र्यावर दोन थापा मारायच्या. दोन थापा म्हणजे चला. त्या धंद्यात माणसाला शीट म्हणतात. आता पिंप्राळ्यात कोपऱ्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान, मागे एक खोली, एकटा जीव. गाडी सुटली, पण मोजायची खोड सुटली नाही. सत्यनारायणाला गेले तरी आधी दारात उभं राहून मुंडकी मोजणार आणि "बठ्ठा शेतस ना?" म्हणजे सगळे आहेत ना, असं विचारणार. एकदा गल्लीतल्या एका म्हाताऱ्याला टेम्पोतून स्मशानात नेत होतो. आबा म्हणाले, "तेरा." मी म्हटलं, "आबा, आपण बाराच आहोत." त्यांनी शांतपणे तिरडीकडे बोट दाखवलं. "तेरावा आडवा शे. उतरस नही तोपर्यंत तो बी शीटच."

तर त्या सिनेमाचं त्यांना इतकं लागलं, की त्यांनी तो दुरुस्तच करून टाकला. रविवारी दुपारी दुकानासमोर पोरं जमवून ते स्वतःचा सिनेमा सांगत. कप्तान तोच, राक्षस तेच, फक्त यानाच्या दारात खंडू नावाचा खाकी चड्डीतला क्लीनर लटकलेला. तो आधी यानाची काच पुसायचा, कारण वाटेत चंद्रावरून जाताना फार धूळ उडते. कप्तान ओरडायचा, "खंडू, निघू!" खंडू म्हणायचा, "एक शीट कमी शे." "अरे, ती मेली असेल!" "मेली व्हई तरी मोजनी पडी." मग खंडू खाली उडी मारायचा, राक्षसांपुढे केळीचा आख्खा घड टाकायचा, ते सोलत बसले की बाईला खांद्यावर घालून आणायचा आणि पत्र्यावर दोन थापा! यान उडायचं, पोरं टाळ्या पिटायची.

"मग खंडूला बक्षीस काय मिळालं?" कुणीतरी विचारायचंच.

"काई नही. घर जाईसन निवांत झोपी गया."

एकदा माझ्या मुलीने विचारलं, "आबा, पण खंडूला कोण मोजतं?" आबांच्या हातातला पाना तसाच राहिला. "त्याले कशाले मोजनं?" म्हणाले आणि त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

पुढच्या वैशाखात माझ्या पत्त्यावर पहूरहून आबांच्या नावे एक लग्नपत्रिका आली. कोपऱ्यात पेनाने लिहिलं होतं, 'सुकलालमामांनी गाडीसोबत यावं. ते मोजतील तरच मी बसेन. रत्ना.' मी वाचून दाखवली तर आबा मटकन खालीच बसले. मग बारा वर्षांपूर्वीचं सगळं बाहेर आलं.

रत्ना तेव्हा सात वर्षांची. तिच्या आत्याचं लग्न धुळ्याला. वऱ्हाडाच्या दोन गाड्या, एकीवर आबा. पारोळ्याला चहाला थांबल्या, आणि निघताना ह्या गाडीला वाटलं पोरगी त्या गाडीत, त्या गाडीला वाटलं ह्या गाडीत. आबांनी दोन थापा मारल्या. कळलं ते थेट धुळ्यात. आबा मिळेल त्या ट्रकने उलटे पळाले. पोरगी हॉटेलवाल्याच्या बायकोजवळ सुखरूप बसली होती, हातात भजं. रडली नव्हती. तिने एवढंच विचारलं, "मामा, तुम्ही मले मोजलंच नाही का?"

त्याच दिवशी आबांनी गाडी सोडली. पोरीच्या घरच्यांनी एका शब्दाने बोल लावला नव्हता. "बोलतात तं बरं व्हतं, मास्तर," आबा म्हणाले. "आते मी कोन्या तोंडे जाऊ?"

त्यांना कसंबसं नेलं. लग्न ह्याही वेळी धुळ्यालाच. एकच अट, गाडी एकच पाहिजे. त्यामुळे आख्खं वऱ्हाड एका बसमध्ये कोंबलेलं, सगळ्यांनी आबांच्या नावाने बोटं मोडलेली. पारोळ्याला चहा झाला आणि तिथे आमचं घोडं अडलं. आबांनी एकदा मोजलं, दोनदा मोजलं, खाली उतरून हापशाच्या मागे पाहून आले, तिसऱ्यांदा मोजलं. बावन्नच्या बावन्न. पण पत्र्यावरचा हात काही उचलेना. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, नवरीचा बाप घड्याळ पाहतोय, मुहूर्त जवळ येतोय, आणि हा माणूस दाराशी घामाघूम उभा. 

तेवढ्यात मुंडावळ्या सावरत रत्ना पुढे आली.

"मामा, किती झाले?"

"बावन्न. बठ्ठा शेतस."

"नाही," ती म्हणाली. "त्रेपन्न. एक शीट अजून खालीच उभं आहे."

आबा दचकून मागे पाहायला लागले. तिने त्यांचा हात धरला, वर ओढून घेतलं, पहिल्या सीटवर स्वतःच्या शेजारी बसवलं आणि खिडकीतून हिरव्या चुड्याचा हात बाहेर काढून पत्र्यावर दोन थापा मारल्या.

गाडी निघाली. आबांकडे पाहिलं तर ते डोळे पुसत होते. माझा जीव भांड्यात पडला. पुढचा मैलाचा दगड यायच्या आत त्यांची मान कलली आणि धुळं येईपर्यंत ते तोंड उघडं टाकून ढाराढूर झोपले होते.